मलेशियाची नुकसानभरपाई

कारंजा (घाडगे) इथं महाविद्यालयात वाणिज्य शिकवणाऱ्या प्रभाकररावांचा प्रबंध लिहून पुरा झाला होता, हे सगळ्यांत आधी सांगून टाकलं पाहिजे. कारण पुढं जे घडलं ते ऐकून कोणालाही वाटेल की या माणसानं अभ्यासच केला नव्हता. केला होता. अकरा वर्षं केला होता. ‘भारत आणि मलेशिया या देशांच्या भांडवली बाजारांच्या कार्यक्षमतेचा कालानुरूप तुलनात्मक अभ्यास : १९९५ ते २०२०’ हे त्याचं नाव काळ्या बांधणीवर सोनेरी अक्षरांत तीन ओळींत कसंबसं मावलं होतं. आतला मुद्दा म्हटला तर साधा आहे. बाजारात एखादी बातमी आली की ती भावात किती लवकर उतरते, यावरून तो बाजार किती तरतरीत ते ठरवायचं. लगेच उतरली तर बाजार कार्यक्षम, चार दिवस रेंगाळली तर मंद. प्रभाकररावांनी दोन्ही देशांचे पंचवीस वर्षांचे भाव घेऊन, कोणत्या काळात कोण किती पुढं होतं ते मोजून काढलं होतं. निष्कर्ष इथं देत नाही. ज्याला हवा असेल त्यानं प्रबंध वाचावा.

नोंदणीची मुदत तीनदा वाढवून झाली होती आणि एकतीस डिसेंबरला ती कायमची संपणार होती. त्यानंतर प्रबंध घरी शोभेला ठेवायचा. म्हणून एकोणीस तारखेलाच प्रभाकरराव चार प्रती घेऊन विद्यापीठाच्या कचेरीत गेले. विद्यापीठाचं नाव घेत नाही, सगळीकडं तसंच असतं. तिथल्या सरिता मॅडमनी प्रबंध हातात घेतला आणि शेवटून उघडला. पंचवीस वर्षांच्या भावांची कोष्टकं त्यांनी भाजी निवडावी तशी भराभर बाजूला केली आणि मान वर केली.

“सर, प्रश्नावली कुठं आहे?”

“प्रश्नावली नाही मॅडम. हा अभ्यास निर्देशांकांचा आहे. यात माणसांना काही विचारलेलं नाही. भाव होऊन गेलेले असतात, ते विचारावे लागत नाहीत.”

“ते बरोबर आहे जी,” मॅडम अगदी समजुतीनं म्हणाल्या, “पण वाणिज्य शाखेच्या प्रबंधाले प्रश्नावली राह्यते. हा पाहा रकाना अकरा. भरलेल्या प्रश्नावल्या, दोनशे.”

“दोनशे? मलेशियातल्या माणसांच्या?”

“माणसं कुठलीही चालतात. अभ्यासक्षेत्र काय लिहिलं होतं तुम्ही?”

अकरा वर्षांपूर्वी अर्जात ‘अभ्यासक्षेत्र’ असा एक चौकोन होता. तो रिकामा सोडल्यास अर्ज रद्द होईल अशी खाली तळटीप होती, म्हणून प्रभाकररावांनी त्यात ‘वर्धा जिल्हा’ असं लिहून टाकलं होतं. ते आता त्यांच्यासमोर आलं : दोनशे माणसं वर्धा जिल्ह्यातलीच हवीत.

कारंज्यात परत येईस्तोवर ही बातमी त्यांच्या आधी पोचली होती, कारण बसमधून त्यांनी घरी फोन केला होता आणि शेजारच्या नत्थूजींनी तो भिंतीपलीकडून ऐकला होता. नत्थूजींचं किराणा दुकान. माणूस मोठा मायाळू, पण सल्ला दिल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागत नाही.

“त्यात काय एवढं सर,” ओट्यावर टेकत ते म्हणाले. “दोन पेन आणा. एक निळा, एक काळा. घरी बसून तुम्हीच भरा दोनशे. मधूनमधून डाव्या हातानं लिहा, म्हणजे अक्षर बदलते.”

“नत्थूजी, मी विद्यार्थ्यांना संशोधनातला प्रामाणिकपणा शिकवतो. चार गुणांना येतो तो प्रश्न.”

“मंग डाव्या हातानं लिहायचं राहू द्या,” नत्थूजी म्हणाले.

शेवटी तोड काढली ती प्रभाकररावांच्या पत्नी छायाबाईंनी. त्यांचं माहेर आंजी मोठी. जावई कागद घेऊन आला म्हटल्यावर गाव मांडी घालून भरून देईल, असं त्या म्हणाल्या. शंभर तिकडं. उरलेल्या शंभरांची जबाबदारी नत्थूजींनी घेतली. अल्लीपूरला त्यांचा साळा गोपाल खत-बियाण्यांचं दुकान चालवतो आणि अर्धं गाव दिवसातून एकदा त्याच्याकडं चक्कर टाकतं. प्रभाकररावांनी दोन दिवस बसून प्रश्नावली रचली. ‘आपणास भांडवली बाजाराची कार्यक्षमता कितपत वाटते? (अ) अत्यंत (ब) बरीच (क) बेताची (ड) सांगता येत नाही.’ ‘बाजारातील माहिती आपणापर्यंत किती लवकर पोचते?’ आणि सातवा प्रश्न, ज्याचा त्यांना थोडा अभिमानच होता : ‘मलेशिया या देशाच्या बाजाराविषयी आपले मत थोडक्यात लिहा.’ बसस्टँडसमोरच्या रुपेशच्या झेरॉक्सवर दोनशे प्रती निघाल्या. शंभर छायाबाई आंजीला आपल्या वच्छलाकाकूंकडं देऊन आल्या, शंभर अल्लीपूरच्या बसमध्ये बसल्या.

इथं एक गोष्ट सांगायला हवी, जी प्रभाकररावांनी प्रबंधाची साडेतीनशे पानं लिहूनही लक्षात घेतली नव्हती. आपल्या जिल्ह्यात मलेशिया म्हटलं की कोणालाही शेअर बाजार आठवत नाही. पामतेल आठवतं. बाहेरून पामतेल आलं की इथं सोयाबीनचा भाव पडतो, हे बांधावरच्या माणसाला पाठ असतं, आणि यंदा तर सोयाबीन विकून लोक नुकतेच चडफडत घरी आले होते. अशा मोसमात गोपालनं आपल्या मेहुण्याला, नत्थूजींना, फोन करून विचारलं, “भाटोजी, मलेशिया म्हणजे तेच ना जी, तेलवाले?”

“तेच,” नत्थूजी एकीकडं साखर तोलत म्हणाले. “त्यायचा बाजार अन आपला बाजार, दोन्हीचा मेळ लावून राह्यले सर. कोणाचं किती मागं-पुढं झालं ते. सरकारी काम हाय, विद्यापीठाचं.”

यात एकही शब्द खोटा नव्हता.

सव्वीस तारखेला वच्छलाकाकूंचा फोन आला. “जवाईबापू, शंभर कागद पुरले नाई. अजून दीडशे पाठवजा. वरच्या पुऱ्यातले लोकं रागावून राह्यले.”

प्रभाकररावांनी हा आकडा दोनदा विचारून घेतला. अकरा वर्षं ज्या विषयाचं नाव काढल्याबरोबर स्टाफरूममधली माणसं चहाच्या कपात पाहू लागत, त्या विषयासाठी आंजीच्या वरच्या वस्तीत लोक रागावले होते. ग्रामीण भागात भांडवली बाजाराविषयी दिसून आलेलं कुतूहल, यावर प्रस्तावनेत एक परिच्छेद घालायचं त्यांनी तिथल्या तिथं ठरवलं. परिच्छेद मनात जुळवीतच ते रुपेशच्या दुकानात गेले, तर काउंटरवर त्यांच्याच प्रश्नावलीची चळत होती. तिच्यात दोन रकाने नवे होते. एक सातबाऱ्याचा आणि एक बँक खात्याचा.

“हे कोणी घातलं?”

“मीच घातलं सर,” रुपेश म्हणाला. “लोकं विचारून राह्यलते, पैसे जमा कुठं होतीन. तुमच्या ध्यानातून राह्यलं असन म्हटलं.”

“कसले पैसे?”

रुपेशनं त्यांच्याकडं कौतुकानं पाहिलं. एवढं मोठं काम हाती असून माणूस किती साधा राहतो, असं त्या नजरेत होतं. “मलेशियाची नुकसानभरपाई जी. सोयाबीनची. एकरी आठ हजार. साडेनऊशे कॉप्या गेल्या परवापासून. मी तं दोनच रुपयाले देतो, पण आंजीत दहाले विकून राह्यले अन अल्लीपुरात चाळीसले.”

प्रभाकरराव दीडशे प्रती न काढताच घरी आले. दोन दिवसांनी भरलेल्या प्रश्नावल्यांचं पोतं अल्लीपूरहून आलं, आंजीहून दुसरं. एकूण अकराशे चाळीस. त्यांनी पहिली हातात घेतली. भांडवली बाजाराची कार्यक्षमता : अत्यंत. सातवा प्रश्न, मलेशियाविषयी मत : ‘साडेचार एकर सोयाबीन, नुकसान एक लाख ऐंशी हजार, घरात कमावता मी एकटा.’ दुसरी घेतली. कार्यक्षमता : अत्यंत. मत : ‘मलेशिया चांगला देश आहे. सहा एकर.’ एका आजोबांनी तर सगळ्याच पर्यायांवर खुणा केल्या होत्या, म्हणजे कोणी नाराज व्हायला नको. प्रत्येक प्रश्नावलीच्या मागं आधार कार्डाची झेरॉक्स टाचली होती. काहींनी फोटोही लावले होते, डोकं विंचरून काढलेले.

“दोनशे काढा, बाकी रद्दीत घाला,” भिंतीपलीकडून नत्थूजी म्हणाले. “तुमचं काम झालं ना सर.”

आणि खरोखरच झालं होतं. दोनशे हव्या होत्या, त्याच्या साडेपाचपटीहून जास्त होत्या. सह्या खऱ्या, अंगठे खरे, माणसं खरी. रकाना अकरा भरून उतू जात होता. मॅडम मोजतात, वाचत नाहीत, हे एव्हाना त्यांना कळून चुकलं होतं. एक बस पकडायची आणि जन्मभराचं काम उरकून यायचं, एवढंच राहिलं होतं. पुरी एक दुपार प्रभाकरराव त्या पोत्यांसमोर बसून राहिले. त्या डोकं विंचरलेल्या फोटोंतला एकही त्यांच्याकडं रागानं पाहत नव्हता, आणि तेच त्यांना सोसेना.

छायाबाई चहा घेऊन आल्या. “माह्या माहेरी लोकं म्हणून राह्यले, छायाचा नवरा एकरी आठ हजार देणार,” त्या हळूच म्हणाल्या. “मी संक्रांतीले तिथं कोणत्या तोंडानं जाऊ ते सांगा.”

तीस तारखेला सकाळी प्रभाकरराव छायाबाईंना मागं बसवून स्कूटरवरून आंजीला निघाले. साडेनऊला चौकात माणसं जमली. प्रभाकररावांनी घसा साफ केला आणि वर्गात बोलतात तसंच बोलले : सदर प्रश्नावलीचा हेतू निव्वळ शैक्षणिक स्वरूपाचा असून तीतून कोणत्याही आर्थिक लाभाची हमी अभिप्रेत नाही. माणसांनी माना डोलावल्या. एकानं टाळी वाजवली.

वच्छलाकाकू पुढं आल्या. सत्तरीची बाई, पाच एकर स्वतः पाहणारी, बोलायला पदर सावरण्याइतकाही वेळ न घेणारी. “पैसे नाई भेटत म्हणते जवाई,” त्या म्हणाल्या.

तेवढ्यावर काम झालं. चौकात एक जण प्रश्नावल्या दहाला विकत उभा होता. त्यानं त्या पाचाला काढल्या, मग दोनला, आणि दहाव्या मिनिटाला तो त्यांत शेंगदाणे बांधून देत होता. प्रभाकररावांना स्वतःची लाज वाटली, पण हात घड्याळाकडं गेलाच. नऊ चाळीस : दहा. नऊ पन्नास : शून्य. त्यांनी डायरीत टिपून ठेवलं. इतका कार्यक्षम बाजार पंचवीस वर्षांच्या कोष्टकांत त्यांना कुठं आढळला नव्हता. लोक मात्र त्यांना काही बोलले नाहीत. जावयाला बोलत नाहीत. फक्त जो तो आपापल्या कामाला निघून गेला, आणि ते बोलण्यापेक्षा वाईट होतं.

छायाबाईंना माहेरी सोडून ते अल्लीपूरला पोचायला साडेबारा झाले. बातमी फोननं आधीच पोचली असेल, आपलं काम निम्मं झालं असेल, असा त्यांचा हिशेब होता. बातमी पोचली होती. गोपालच्या दुकानासमोर दीडशे माणसं होती आणि प्रश्नावली सत्तरला गेली होती.

“सर, आंजीवाल्यायले तुम्ही नाई म्हणून आले म्हणे,” गोपालनं त्यांचा हात दोन्ही हातांत धरला. “लई बरं केलं जी. आता सारा पैसा अल्लीपूरले.”

प्रभाकररावांनी सांगून पाहिलं की अल्लीपूरलाही पैसा नाही. “बरोबर हाय,” एक म्हातारा बाजूच्याला म्हणाला, “चौकात थोडीच सांगतीन. यादी पक्की झाली दिसते.” भाव ऐंशी झाला. प्रभाकररावांनी आवाज चढवला. आवाज चढवला म्हणजे नक्कीच काही लपवून राह्यले, असं ठरून भाव नव्वद झाला. एकच बातमी, एकच जिल्हा, मधे तीन तासांचं अंतर, आणि दोन बाजार दोन दिशांना धावत होते. एरवी त्यांनी यावर एक स्वतंत्र प्रकरण लिहिलं असतं. त्या क्षणी त्यांना फक्त रडू येत होतं.

ते गोपालच्या दुकानाच्या पायरीवर चढले. या वेळी सदर, निव्वळ, अभिप्रेत यांतलं काहीच तोंडात आलं नाही.

“माह्यं ऐका,” ते म्हणाले. “मी अकरा वर्षांपासून त्या मलेशियाच्या मागं लागलो. डोळ्याचा नंबर दोनदा वाढला. आई गेली तेव्हा मी त्याचेच आकडे मांडत बसलो होतो. अकरा वर्षांत मले त्या देशाकडून एक चहासुद्धा भेटला नाई. तुम्हाले आठ दिवसांत एकरी आठ हजार कोण देईन?”

 माणसांनी त्यांच्याकडं नीट पाहिलं. कॉलरीशी विरलेला सदरा पाहिला, पायताणं पाहिली, आणि कोपऱ्यात लावलेली ती स्कूटरही पाहिली.

“हे खरं दिसते,” मघाचा म्हातारा म्हणाला. “अकरा वर्षांत याले काही भेटलं नाई, तं आपल्याले काय भेटन.”

प्रश्नावली नव्वदावरून थेट जमिनीवर आली. प्रभाकररावांच्या मानमरातबाचा भाव तिच्या जरा आधीच तिथं पोचला होता. लोक पांगले, जाता जाता दोघातिघांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला, आणि गोपालनं बळजबरीनं त्यांना चहा पाजला. चहा पिताना त्यांच्या लक्षात आलं की उद्या एकतीस आहे आणि आपल्याजवळ देण्याजोगी, खरी अशी एकही प्रश्नावली नाही.

आंजीला छायाबाईंना घ्यायला ते वळले तेव्हा चार वाजले होते. वच्छलाकाकूंच्या अंगणात सतरंजी टाकलेली होती आणि तिच्यावर बाया-माणसं बसलेली होती. छायाबाई त्यांच्यात बसून उरलेल्या कोऱ्या प्रश्नावल्या मोजत होत्या.

“या जवाईबापू,” काकू म्हणाल्या. “छायानं सांगितलं, उद्या कागद नाई गेले तं तुमचं सारं वाया जाते. आधी काऊन नाई बोलले? आम्ही मलेशियासाठी लिहिलतं, म्हणून खोटं लिहिलतं. आता तुमच्यासाठी लिहितो. वाचा एकेक प्रश्न.”

“काकू, दोनशे लागतात.”

“जेवढे बसले तेवढे बसले. वाचा.”

त्यांनी वाचायला सुरुवात केली. कार्यक्षमता कितपत वाटते, याला सगळ्यांनी ‘सांगता येत नाही’ म्हटलं, आणि प्रभाकररावांनी तसंच लिहिलं. माहिती किती लवकर पोचते, या प्रश्नापाशी काकू थांबल्या. विचार करून म्हणाल्या, “लिहा. भाव पडला की लगेच कळते. वाढला की आपला माल विकून झाल्यावर कळते.”

बाकीच्या बायका नुसत्या “हो” म्हणाल्या.  प्रभाकररावांनी ते वाक्य होतं तसं उतरवलं. सातव्या प्रश्नाला काकू म्हणाल्या, “आम्ही त्यायले पाह्यलं नाई. त्यायच्या घरीबी लेकरंबाळं असतीन. त्यायचं भलं होवो.”

एकूण त्रेचाळीस झाल्या.

एकतीस तारखेला सरिता मॅडमनी गठ्ठा हातात घेतला आणि वजनावरूनच भुवया उंचावल्या. “किती आहेत सर?”

“त्रेचाळीस. अकराशे चाळीस होत्या, पण त्या खोट्या होत्या.”

हे वाक्य त्या कचेरीत यापूर्वी कोणी उच्चारलं नसावं. शेजारच्या टेबलावरचं शिक्का मारणं थांबलं. मॅडमनी मोजायला म्हणून वरचा कागद उचलला आणि त्यांची नजर चुकून अक्षरांवर पडली. त्या वाचू लागल्या. एक वाचला, दुसरा वाचला, परत पहिल्यावर आल्या.

“भाव वाढला की माल विकून झाल्यावर कळते,” त्या स्वतःशीच म्हणाल्या. “माह्ये बाबा हेच म्हणत होते.” मग त्यांनी खणातून नियमांचं पुस्तक काढलं, धूळ झटकली आणि बराच वेळ बोट फिरवलं. “सर, इथं ‘पुरेशा प्रश्नावल्या’ असं लिहिलेलं आहे. दोनशे कुठंच नाई.”

“मग दोनशे कोणी ठरवलं?”

“मी लागली तेव्हापासून दोनशेच मागून राह्यले सारे,” मॅडम म्हणाल्या, आणि रकाना अकरामध्ये ‘पुरेशा’ असं लिहून शिक्का मारला.

प्रभाकररावांना आनंद व्हायला हवा होता. आधी आला तो संताप, मग हसू, मग दोन्ही एकदम. त्या गोंधळात ते पोचपावती खिशात घालून कचेरीच्या पायऱ्यांवर येऊन बसले. तेवढ्यात वच्छलाकाकूंचा फोन आला.

“घेतले का जी कागद?”

“घेतले काकू. प्रबंध जमा झाला.”

“ते समजलं जी. मी दुसरं विचारून राह्यली. कागद वाचले का कोणी?”

प्रभाकररावांनी कचेरीच्या खिडकीकडं पाहिलं. आत सरिता मॅडम अजून गठ्ठ्यातले कागद उलटत होत्या, आणि शेजारच्या टेबलावरचा माणूस खुर्ची ओढून त्यांच्या खांद्यावरून पाहत होता.

“वाचताहेत काकू,” ते म्हणाले. “अजूनही वाचताहेत.”

 पलीकडं काकू कोणाला तरी सांगताना ऐकू आल्या, “अवं, वाचून राह्यले म्हणे,” आणि अंगणातल्या बायकांचा एकच गलका झाला.